हेळव्यानं घेतलेलं लेकीचं नाव

आधीच सांगून टाकते, तुमच्या या सदरातले अनुभव मी हसायला वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागून पैंजण वाजत येतात... आणि सांगणाऱ्याला दर वेळी घरी परतायला उशीरच झालेला असतो. मी गणित शिकवण्यात जन्म घालवला. आमच्या गावात कुणाच्या अंगात आलं की मी समोर जाऊन बसायची आणि त्या बाईला सतराचा पाढा विचारायची. त्यामुळे गावातल्या निम्म्या बायका माझ्याशी बोलत नसत, आणि मला त्याचं काही वाटतही नसे. पण परवा भाची म्हणाली, "आत्या, ती तुझ्या मडमेची स्टोरी लिहून पाठव की." मी म्हटलं, ती भुताची नाही. ती म्हणाली, "मग कशाची आहे?" याचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

लढाईची वर्षं होती. मी सांगलीत मुलींच्या एका मिशन शाळेत शिकवत होते. माझं घर जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आम्ही मेंढरंवाले. वडील फौजेत जाऊन आले आणि मुलीला लिहिता-वाचता आलंच पाहिजे हे खूळ तिकडून घेऊन आले, म्हणून मी शिकले. नाहीतर मेंढरांमागेच गेले असते. आमच्या घरी मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलतात, आईला आम्ही 'अव्वा' म्हणतो. हे 'अव्वा' ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

शाळेच्या मोठ्या बाई होत्या मिस बेकर. अमेरिकेच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, केस पांढरे. मराठी बोलायच्या ती थेट पुस्तकातली. स्वयंपाकिणीला म्हणायच्या, "कृपा करून दुधावर लक्ष असू द्यावे." मुली फिदीफिदी हसायच्या, बाईंना कळायचं, आणि त्या तसंच बोलायच्या. मला त्या आवडायच्या. माणूस उगाच गोड बोलत नसे.

बाईंना एकच नाद होता — आपल्या घराण्याचा शोध. अमेरिकेच्या असल्या तरी मूळ जर्मन. त्यांचा मूळ पुरुष हान्स, ऱ्हाइन नदीकाठचं गाव सोडून बायकापोरांसह जहाजात बसला, तेव्हा अमेरिका हा देशसुद्धा झाला नव्हता, तिथं इंग्रजांचंच राज्य होतं. त्याच्यापासून पुढची सगळी नावं बाईंना तोंडपाठ. लहानपणी त्यांचे वडील रोज जेवणाआधी, प्रार्थना झाली की, ती म्हणून घ्यायचे. हान्सचा याकोब, याकोबचा पीटर, पीटरचा जॉन... आणि सगळी नावं संपली की वडील शेवटी हळू म्हणायचे, "आणि एक मुलगी." मग जेवण.

ती मुलगी कोण, हे बाईंनी मला एकदा व्हरांड्यात बसून सांगितलं होतं. त्या काळी ज्यांना जहाजाचं भाडं जमत नसे ते बंदरात उतरल्यावर कुणाच्या तरी घरी राबून ते फेडायचे. मोठी माणसं जमीन शोधायला आत जायची आणि पोरं मागं कामाला ठेवली जायची. हान्सनं धाकटी लेक बंदरावरच ठेवली. 'येतो न्यायला' म्हणून गेला. परत आला तेव्हा ज्यांच्याकडे ठेवली होती ती माणसं तिथं नव्हती आणि लेकही नव्हती. तिचं नाव घरात कुणी पुन्हा काढलं नाही... दुःखानं म्हणा, लाजेनं म्हणा. एक पिढी गेली, दुसरी गेली, आणि नावच हरवलं. उरलं ते 'आणि एक मुलगी'.

बाईंच्या वडिलांनी तिकडच्या चर्चना पत्रं घालण्यात आयुष्य घालवलं. ते गेले, मग बाईंनी घातली. हिंदुस्थानात आल्या तरी घालत राहिल्या. लढाईत बोटी बुडायला लागल्या आणि उत्तरं यायची थांबली. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, भाऊ मूलबाळ नसताना वारला होता. त्यात हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं होतं.

"मी गेल्यावर 'आणि एक मुलगी' असे म्हणणारेही कोणी राहणार नाही," त्या म्हणाल्या. "मला तिचे नाव पाहिजे. दुसरे काही नको."

खरं सांगते, मला तेव्हा ते थोडं खुळ्यासारखं वाटलं. इथं रोज माणसं मरत होती, आणि या बाई दोनशे वर्षांपूर्वीच्या पोरीपायी झुरत होत्या. पण सगळ्या नावांत लेकीचंच नाव नाही ही गोष्ट माझ्या मनाला झोंबली, ती वेगळ्याच कारणानं. ते कारण म्हणजे आमचा हेळवी.

तुमच्याकडे हेळवी येत नसतील तर सांगते. हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ सांगणारा. दर काही वर्षांनी सुगी झाली की बैलावर बसून येतो, पायावर घोंगडं, हातात घंटा. खळ्यावर येऊन घरातल्या पुरुषांची नावं मुळापासून सुरात म्हणतो. एक नाव, घंटेचा एक टोला. अक्षर लिहिलेलं नसतं, बापानं लेकाला शिकवलेलं असतं. शेवटी सूपभर धान्य घेतो आणि पुढच्या घरी जातो. आणि लेकींची नावं घेत नाही. परकर नेसायच्या वयात मी एकदा त्याला विचारलं होतं, माझं नाव का नाही घेतलंस? आमचा हेळवी सिद्दाप्पा बैलावरून हसला. "तुजं नाव तुज्या नवऱ्याच्या घरचा हेळवी बी घ्यायचा न्हाई पोरी. बायामानसाला वंश नसतो." सगळं खळं हसलं. मी नाही हसले. पुढे मी लग्नच केलं नाही... त्याचा आणि याचा काही संबंध नाही, पण राग मात्र राहिला.

तर हे हेळव्याचं मी बाईंना बोलता बोलता सांगितलं. झालं. त्यांना तो बघायचाच होता. त्या वर्षी सिद्दाप्पा येणार होता. सुगीत चार दिवसांची सुट्टी जोडून आम्ही निघालो. मिरजेहून छोटी गाडी, जत रोडला उतरून पुढं भावाची बैलगाडी. वाटेत मी बजावून ठेवलं, "बाई, तो लेकी घेत नाही. त्या मुलीचा विषय काढू नका, उगाच अपमान होईल." त्या मान हलवून "बरे" म्हणाल्या.

आमच्याकडं पाऊस बेताचाच, पण त्या साली शाळू बरा पिकला होता. दुपार टळली होती. खळ्यावर रास पडलेली, अव्वा पाखडत बसलेली, माझा थोरला भाऊ बिरू पोती शिवत होता. सिद्दाप्पा आला. म्हातारा झाला होता, पण आवाज खणखणीत. आमची नावं झाली, टोले झाले. मग अव्वाच म्हणाली, "सिद्दाप्पा, आमच्या मडमबाईंची बी नावं घी की. लय लांबनं आल्यात."

"मला त्यांची नावं कुठली ठावं?"

"सांगंल की आमची पोरगी."

त्याला गंमत वाटली. म्हणाला, "सांग तर. पर आदी सूप. सुपाबिगर म्या नाव घेत न्हाई."

बाईंकडं कुठलं आलंय सूप. अव्वानं आमच्या राशीतला शाळू सुपात भरला आणि त्याच्या झोळीत ओतला. मग मी एकेक नाव सांगितलं, बापाचं, लेकाचं, नातवाचं, फक्त पुरुषांची. सिद्दाप्पानं ओठात पुटपुटत घोळवली, डोळे मिटले आणि सुरात सुरू केलं.

"हनसाप्पाचा याकाप्पा..." टण्. "याकाप्पाचा पितराप्पा..." टण्. "पितराप्पाचा ज्वानाप्पा..." टण्.

आमच्याकडं पुरुषाच्या नावाला 'अप्पा' लावल्याशिवाय ते नाव वाटत नाही. बिरू तोंडाला पोतं लावून हसत होता. बाईसुद्धा हसल्या — मी त्यांना तशा हसताना पूर्वी कधी बघितलं नव्हतं. अमेरिकेतलं अख्खं घराणं जतच्या खळ्यावर धनगर होऊन उभं होतं.

बाईंच्या वडिलांचं नाव झालं. टोला झाला. आता 'वंश वाढू दे' म्हणून त्यानं थांबायचं, हा त्यांचा नेम. तो थांबला नाही. डोळे मिटलेलेच. घंटेचा हात मात्र खाली आला. आवाज बदलला असं मी म्हणणार नाही, तसलं काही झालं नाही. फक्त सूर उतरला, आणि तो परत पहिल्या नावाकडं गेला.

"हनसाप्पाच्या पोटी धाकटी... आपलव्वा. आपलव्वा घाटावर बसली. दिस बुडाला. आपलव्वाला न्ह्यायाला कोन आलं न्हाई."

टोला नाही. बैल कान हलवत उभा होता. बिरूचं हसू थांबलं.

बाई राशीच्या कडेला मटकन खाली बसल्या. मला वाटलं हृदयाचंच काही झालं. पण त्या माझा हात धरून विचारत होत्या, "काय म्हणाला तो? मुलीचे नाव घेतले का त्याने? काय नाव घेतले?"

आता ऐकणारे आम्ही सगळेच होतो, आणि सगळ्यांनी एकच ऐकलं. आपली अव्वा. आमच्याकडं घाईत बोललं की 'आपलव्वा'च होतं ते. अव्वानं समजूत घातली, "आवं मडमबाई, नाव न्हवं ते. आपली अव्वा म्हनला त्यो. अव्वा म्हंजी आई. कुनीबी बाईमानूस असलं की आमी असंच म्हनतो."

"पण ती लहान होती," बाई म्हणाल्या. "ती कोणाचीही आई नव्हती."

मी सिद्दाप्पाकडं वळले. "कुणाची गोष्ट सांगितलीस ही? कोण पोरगी? कुठला घाट?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "कसली पोरगी?"

"आत्ता म्हणालास ती. घाटावर बसलेली."

"म्या न्हाई म्हनलो. म्या लेकीचं नाव कवा घेतलंय का जल्मात? माजी जीभ झडंल." मग त्यानं बिरूकडं बघितलं, अव्वाकडं बघितलं, आमची तोंडं बघून त्याला काय ते कळलं असावं. घाबरला. जेवायचं ताट वाढून ठेवलं होतं, त्याला हात न लावता त्यानं बैल वळवला. अव्वा हाका मारत होती, "आवं, दोन घास तरी खावा..." पण तो गेला. शाळू तेवढा झोळीत गेला. एकदा घेतलेलं धान्य त्यांना परत देता येत नाही.

मी गणिताची मास्तरीण. मी त्याच दिवशी बिरूची उलटतपासणी घेतली, तू काही बोललास का, गाडीत बाई काही बोलल्या का, सिद्दाप्पा आधी कुणाला भेटला? काही नाही. मुलीची गोष्ट त्या गावात फक्त मला आणि बाईंना ठाऊक होती. आणि घाट म्हणाल तर आमच्या तालुक्यात धड नदी नाही. आमचा हेळवी कधी 'विहिरीवर' म्हणेल, 'तळ्यावर' म्हणेल. 'घाटावर' त्याला कुठून सुचावं? परत येताना बाईंनी मला सांगितलं की ते बंदर समुद्रावर नाही. जहाजं नदीतून वर येतात आणि माणसं नदीच्या धक्क्यावर उतरतात. मी म्हटलं, योगायोग. त्या मिरजेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "आपली आई... त्याने मुलीला आपली आई का म्हटले असेल?"

मला सिद्दाप्पाचा राग येत होता. दोनशे वर्षांत पहिल्यांदा त्या पोरीबद्दल कुणी चार शब्द बोललं, आणि तेही नाव सोडून.

त्यानंतर बाई झपाट्यानं खचल्या. शाळा झेपेना. दिवाळीच्या आधी त्यांना साताऱ्याला नेलं, हवा कोरडी आणि ओळखीचे डॉक्टर म्हणून. सदर बझारात एका कौलारू बंगलीत ठेवलं होतं, समोर अजिंक्यतारा. दिवाळीच्या सुट्टीत मी बघायला गेले. बाई गादीत बुडाल्या होत्या. एवढी दांडगी बाई, मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. मी व्हरांड्यात जाऊन रडले, आणि मग तोंड धुऊन आत आले.

त्यांच्याजवळ एक जर्मन बाई बसायच्या. लढाईमुळं सरकारनं बऱ्याच जर्मन बायामुलांना साताऱ्यात आणून ठेवलं होतं. गावाबाहेर जायचं नाही, हजेरी द्यायची, एवढी बंधनं. या त्यांच्यातल्या, नाव लीना. नवरा दुसरीकडं कैदेत. डॉक्टरांनी परवानगी काढून त्यांना शुश्रूषेला ठेवलं होतं. एकीचा देश दुसरीच्या देशावर बॉम्ब टाकत होता, आणि ही तिला चमच्यानं पेज भरवत होती. दोघी कसल्या तरी जुन्या जर्मन बोलीत थोडंथोडं बोलायच्या. बाईंच्या आजीची बोली ती, त्यांना जेमतेम येत होती. लीनाबाईंचं गावही त्याच ऱ्हाइनच्या अंगाला होतं.

माझं आणि लीनाबाईंचं कशात जमावं? इंग्रजी त्यांची कच्ची, मराठी नाहीच. पण लग्न होऊन त्या धारवाडकडच्या मिशनमध्ये आल्या होत्या आणि तिथं वर्षानुवर्षं राहिल्या होत्या. कानडी अस्खलित. मग काय, साताऱ्यात बसून एक धनगराची पोर आणि एक जर्मन बाई कानडीत बोलायला लागल्या. माझी जतची राकट कानडी ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या.

एका दुपारी बाईंचा डोळा लागला होता. आम्ही व्हरांड्यात तांदूळ निवडत होतो. लीनाबाईंनी विचारलं, ही झोपेत सारखं मराठीत काहीतरी म्हणते, 'आपली आई', ते काय? मी सगळी हकिकत सांगितली. हेळवी म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही, धारवाडकडं त्यांनी बघितले होते. सिद्दाप्पाचे शब्द मी त्याच्याच सुरात म्हणून दाखवले. "आपलव्वा घाटावर बसली..."

लीनाबाईंनी कानडीत विचारलं, "ही आपलव्वा कोण?"

"कोणी नाही. ते नाव नाही. मराठीत आपली अव्वा, म्हणजे आमची आई."

"हेळवी घरात मराठी बोलतो का?"

"नाही, कानडी बोलतो."

"मग तू मराठीत का ऐकतेस?" त्या म्हणाल्या. "कानडीत पोरीच्या नावाला अव्वा लावतात. निंगव्वा. यल्लव्वा. माझ्याकडं काम करायची ती बसव्वा." आणि बोलता बोलता त्या थांबल्या. ताट मांडीवरून खाली ठेवलं. "आपल... अव्वा."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. म्हणाल्या, "आपल हे आमच्याकडचं नाव आहे. बायकांचं. पुरं नाव आपोलोनिया. पण गावात तेवढं कोण म्हणतं, लाडानं आपल म्हणतात. माझ्या आजीची बहीण आपल होती. आता नाही ठेवत कोणी. जुनं नाव आहे. फार जुनं."

हान्सला हनसाप्पा केलं तेव्हा आम्ही हसलो होतो. पीटरला पितराप्पा केलं तेव्हा हसलो होतो. पुरुषांना अप्पा लावतो तशी त्यानं पोरीला अव्वा लावली, एवढं साधं... आणि ते आमच्या एकाच्याही कानात शिरलं नाही. आईच ऐकली सगळ्यांनी. लेकीचं नाव हेळव्याच्या तोंडून येऊच शकत नाही हे आमच्या इतकं हाडात होतं, की ते समोर येऊनही ऐकू आलं नाही.

बाई जाग्या झाल्यावर लीनाबाईंनी त्यांच्या कानाशी वाकून त्या जुन्या बोलीत सांगितलं. मला एकच शब्द कळला — आपल. बाईंनी तो ओठांत घोळवला. पुन्हा म्हटला. नंतर वडिलांसमोर म्हणत असतील तशी सगळी नावं क्षीण आवाजात पहिल्यापासून म्हटली, आणि शेवटी 'आणि एक मुलगी' न म्हणता 'आपल' म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आता सुख होईल त्यांना. झालं उलटंच. इतके दिवस ती फक्त गोष्टीतली मुलगी होती. नाव मिळालं आणि ती खरी पोर झाली, धक्क्यावर बसून वाट बघणारी. बाई रडायला लागल्या त्या थांबेचनात. माझा हात धरून म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच पुस्तकातली मराठी सुटली त्यांची, "तिला न्यायला कोण आलं का गं? शेवटी तरी?"

मी काय सांगणार? खोटं बोलायला हवं होतं असं आता वाटतं. तेव्हा सुचलं नाही. त्या आठवड्यातच बाई गेल्या. साताऱ्यातच त्यांना पुरलं. हजेरीच्या वेळेमुळं लीनाबाईंना शेवटपर्यंत थांबताही आलं नाही.

लढाई संपली. लीनाबाईंना त्यांच्या देशी पाठवलं, पुढं काही कळलं नाही. स्वातंत्र्य आलं. मी सांगलीतच शिकवत राहिले. सिद्दाप्पाला गाठून विचारायचं माझ्या फार मनात होतं, पण तो पुन्हा आलाच नाही.

मग एका सुगीत बिरूचा निरोप आला, हेळवी आलाय, सिद्दाप्पा वारला, त्याचा लेक आलाय. मी मिळेल त्या गाडीनं गेले. लेक चांगला मिशाळ, चाळिशीचा. नाव मल्लाप्पा. या आधी तो आमच्या खळ्यावर कधी आलेला नव्हता, बापानं त्याला दुसरी गावं नेमून दिली होती. मी मुद्दाम काही बोलले नाही. बिरूलाही दटावलं. अव्वा तर आता राहिली नव्हती.

त्यानं आमची नावं घेतली. आमचा मूळ पुरुष बिराप्पा, त्याच्यापासून माझ्या वडिलांपर्यंत, वडिलांपासून बिरूपर्यंत, बिरूच्या पोरांपर्यंत. टोल्याला टोला. मडमबाईंच्या घराण्यातलं एकही नाव नाही, हनसाप्पा नाही, याकाप्पा नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, की निराश झाले, आता सांगता येत नाही. तेवढ्यात तो म्हणाला,

"ह्या घरची धाकटी आपलव्वा. आपलव्वा घाटावर बसली. दिस बुडाला. आपलव्वा घाटावरनं घरला आली."

टण्.

बिरूनंच विचारलं, "मल्लाप्पा, हे काय रं? लेकीचं नाव घेतलंस?"

"व्हय," तो जरा ओशाळून म्हणाला. "आमच्यात घेत न्हाईत. पर बापानं हातरुनावर पडल्यावर शिकिवलं. म्हनला, त्या घरात एवढी एक लेक घ्यायची. लय दिस बसलीया, तिला सोडू नगं."

"कोण ती, ते सांगितलं का?" मी विचारलं.

"न्हाई. म्या इचारलं तर म्हनला, मलाबी ठावं न्हाई."

"आणि घरला आली म्हणतोस... कुणाच्या घरला? कोणी आणली तिला?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "आवं अक्का, सूप तुमच्या घरचं हाय न्हवं? मग तुमीच आनली की."

आता तुम्ही म्हणाल, याचं स्पष्टीकरण आहे. सिद्दाप्पाला नंतर आठवलं, त्यानं लेकाला शिकवलं, सूप आमचं म्हणून नाव आमच्यात धरलं. मान्य. इतकं मीही जुळवलंय. पण पहिल्या दिवशी, त्या खळ्यावर, ते नाव त्याच्या तोंडात कुठून आलं? आपोलोनिया नावाची मुलगी कुठल्या जहाजाच्या कागदात आहे का, मला माहीत नाही. माझ्या हयातीत कळेल असंही वाटत नाही. सगळं पुन्हा पुन्हा मांडून बघितलं. हातचा धरला, सोडला. बाकी उरतेच.

बिरूची नातवंडं आता मला विचारतात, आपलव्वा कोण? त्यांना वाटतं, कुणी पणजी-खापरपणजी असेल. मी सांगते, आत्या आहे तुमची. आमच्या वंशात माझं नाव नाही, ते कधी येणारही नाही. तिचं येतं, टोल्यासकट. मला राग यायला हवा... माझा स्वभाव बघता यायलाच हवा. येत नाही.

त्या सुगीनंतर मी साताऱ्याला गेले होते. बाईंच्या थडग्यावर गवत माजलं होतं, ते उपटलं, दगड पुसला. अंगात आलेल्या बाईला सतराचा पाढा विचारणारी मी, भरदुपारी त्या दगडाशी बोलले. फार नाही. एवढंच म्हटलं, "बाई, आणली तिला."